सस्पेन्स खात्यात गेलेली माणसं



बँकेत ज्यांनी दिवस काढले त्यांना सस्पेन्स खातं म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. संध्याकाळी एखादी रक्कम नेमकी कोणाच्या खात्याची ते उमगत नसेल, आणि पुस्तकं तर जुळवायचीच आहेत, तर ती रक्कम तात्पुरती सस्पेन्समध्ये टाकायची. उद्या शोधून योग्य ठिकाणी न्यायची. हा ‘उद्या’ काही शाखांमध्ये वर्षानुवर्षं यायचा नाही. म्हणून मुरलेला इन्स्पेक्टर शाखेत आला की चहाआधी सस्पेन्सचं लेजर मागायचा. टॅली तर सगळ्यांचीच होते हो, न जुळलेलं कुठे नेऊन ठेवलंय ते बघायचं असतं.

रिटायर झाल्यावर मला हे लेजर एका वेगळ्याच जागी भेटलं. आमच्या इंदूरमधल्या एका मराठी मंडळाचं मासिक पत्रक निघतं. त्यातलं ‘दुःखद निधन’ हे सदर माझ्याकडे आलं. (बँकवाला आहे, नावं-तारखा चुकवणार नाही, असा त्यामागचा हिशोब.) जुने अंक, शोकसभेची वही, सभासदांचं रजिस्टर, सगळं माझ्या टेबलावर आलं. आता रिकाम्या माणसाला रकाने पाडायची खोड. मी नाव, वय, मोहल्ला, तारीख, कारण असे रकाने पाडले आणि मागच्या काही वर्षांच्या नोंदी उतरवायला घेतल्या.

कारणाचा रकाना भरता भरता मला हसू यावं की रडू, कळेना. ‘अल्पशा आजाराने.’ ‘वृद्धापकाळाने.’ ‘हृदयक्रिया बंद पडून.’ पुन्हा ‘अल्पशा आजाराने.’ अहो, हृदयक्रिया बंद पडल्याशिवाय कोण गेलंय आजवर? आणि दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा आजार अल्पसा कसा? पण आपल्याकडे लिहायची पद्धत पडली आहे आणि ती वाईट आहे असं मी म्हणत नाही. निधनाची बातमी म्हणजे काही डॉक्टरचा रिपोर्ट नव्हे, घरच्यांचं दुःख झाकायलाही दोन शब्द लागतात. फक्त हिशोबाच्या दृष्टीने पाहिलं तर आमचे निम्म्याहून जास्त लोक सस्पेन्समध्ये पडले होते.

बरं, सरकारी कागदाचं तरी वेगळं आहे का? दवाखान्यात मृत्यू झाला तर डॉक्टर फॉर्म ४ भरतात, घरी झाला आणि डॉक्टर पाहत होते तर फॉर्म ४ अ. हा फॉर्म ज्याने बनवला तो माणूस आमच्या इन्स्पेक्टरच्याच जातकुळीचा असणार. पहिल्या भागात एकाखाली एक ओळी आहेत. वर तात्कालिक कारण, त्याखाली ते कशामुळे झालं, त्याखाली ते आणखी कशामुळे. समोर प्रत्येकाला किती काळ लोटला तो. म्हणजे न्यूमोनिया, तो अंथरुणावर पडून राहिल्यामुळे, पडून राहणं खुब्याचं हाड मोडल्यामुळे. शेवटची ओळ हे खरं मूळ. फॉर्मवर छापलेलंही आहे की हार्ट फेल्युअर वगैरे मरणाची रीत लिहू नका, रोग किंवा इजा लिहा. तरी घाईत लिहिलं जातं तेच, ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी फेल्युअर’. आणि हे निदान काही लिहिलं तरी जातं. २०२० सालच्या सरकारी अहवालाप्रमाणे देशात नोंदवलेल्या मृत्यूंपैकी अवघ्या साडेबावीस टक्क्यांनाच डॉक्टरी कारणाचा दाखला होता. गोव्याच्या मंडळींनी मान ताठ करावी, तिथे जवळपास सगळ्यांनाच असतो. आमच्या बाजूला तसं नाही.

तर मी फोन करायला घेतले. ‘काका, तुम्हाला आता हे कशाला?’ असं एकाने विचारलं आणि ठेवून दिला. त्याचं बरोबरच होतं. पण बहुतेकांनी सांगितलं, काहींनी तर तासभर. माणसाला आपल्या आईच्या शेवटच्या सहा महिन्यांबद्दल बोलायचं असतं, विचारणारा मिळत नाही. एकेक ‘अल्पसा आजार’ उलगडत गेला. आणि एक गोष्ट परत परत यायला लागली: न्हाणीघरात पाय घसरला. पहाटे बाथरूमला उठल्या आणि पडल्या. मांडीचं हाड, ऑपरेशन, पलंग, मग छाती भरली. बहुतेक करून बायका, सत्तरीच्या पुढच्या, आणि त्यांतल्या पुष्कळशा एकट्या राहणाऱ्या. मुलं पुण्याला, बंगळुरूला, न्यू जर्सीला. एक बाई तर पडल्यावर दूधवाला येईपर्यंत तशाच फरशीवर होत्या.

मंडळ दरवर्षी काय करतं? शुगर-बीपीचं शिबिर. चांगलं आहे, बंद करा असं मी म्हणत नाही. पण शिबिराला येतात कोण? जे सकाळी नेहरू पार्कात चालतात तेच. ज्यांची शुगर आधीच ताब्यात आहे ते ती परत एकदा मोजून खूश होऊन पोहे खाऊन जातात. जी बाई जिना उतरू शकत नाही ती येत नाही, आणि शिबिराच्या रजिस्टरवरून बघाल तर समाजाची प्रकृती ठणठणीत.

त्या वर्षी शिबिराच्या पैशातला एक भाग आम्ही न्हाणीघरात स्टीलच्या दांड्या बसवायला वळवला. एक सभासदच प्लंबिंगची कामं घेतात, त्यांनी मजुरी सोडली. तीन-चार मावश्यांनी ‘मी काय म्हातारी झाले का?’ म्हणून परत पाठवलं, मग आमच्या हिने जाऊन समजूत काढली. यावर जास्त लिहीत नाही, कारण मला लिहायचं आहे ते पुढचं.

आमच्या घरी काम करणारी बाई नाल्यापलीकडच्या बस्तीत राहते. मूळची निमाडातली, खंडव्याकडची. बोलते निमाडी-हिंदी, पण आमच्या हिच्याबरोबर इतकी वर्षं राहून मराठी सगळं समजतं. तिचा नवरा रंगकाम करायचा. एका पावसाळ्यात तो गेला. वय सत्तेचाळीस. ‘क्या हुआ था?’ तर ‘बाबूजी, पीलिया था। झाड़ा लगवाया था, उतर रहा था।’ घरीच गेला, आणि घरचे त्याला रातोरात गाडी करून गावी घेऊन गेले, तिकडेच अग्नी दिला.

सात-आठ महिन्यांनी ती पासबुक घेऊन माझ्याकडे आली. नवऱ्याच्या खात्यातून दर मे महिन्याच्या शेवटी ४३६ रुपये कापलेले होते, ते कशाचे? ते प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचे. हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय, २०१५ मध्ये योजना आली तेव्हा काउंटरवर उभं राहून मी फॉर्म भरून घेतले आहेत. तेव्हा हप्ता ३३० होता. खातेदार गेला तर नॉमिनीला दोन लाख. नॉमिनी म्हणून हिचंच नाव. काम सोपं होतं, फक्त मृत्यूचा दाखला जोडायचा.

तो दाखला नव्हता. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, आणि घरी मृत्यू झाला तर ती कळवायची जबाबदारी घरच्या प्रमुखाची. इथे घरचा प्रमुखच गेलेला. नोंद होते जिथे मृत्यू झाला तिथे, म्हणजे इंदूरला, आणि अग्नी दिला गावी, म्हणून इथल्या मुक्तिधामाची पावती नाही. तीस दिवस उलटले की वरच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते, वर्ष उलटलं की मॅजिस्ट्रेटचा हुकूम. आमच्याकडे वर्षाला चार महिने उरले होते. एका ऑफिसात सांगितलं गावाहून लिहून आणा, गावाहून सांगितलं मृत्यू इथला नाही, आम्ही कसं लिहून देणार. दोघांचंही नियमाप्रमाणे बरोबर होतं, हेच अशा कामांतलं दुखणं. शेवटी शेजाऱ्यांचे जबाब, गावच्या पंचायतीचं अंत्यसंस्कार झाल्याचं पत्र, रेशन कार्ड, आधार, असं बाड करून अकराव्या महिन्यात दाखला हातात आला. पैसे मिळाले. उधारी फिटली, मुलीच्या नावे थोडी एफडी केली.

पण मृत्यूच्या डॉक्टरी कारणाची नोंद कुठेच नाही. ते डॉक्टरने पाहिलेलंच नव्हतं, येणार कुठून? आमच्या मंडळाच्या मावशी निदान सस्पेन्समध्ये तरी होत्या. हा माणूस कुठल्याच लेजरात नव्हता. त्याचा दोन लाखांचा विमा नसता तर त्याच्या मरणाची नोंद करायला कोणी गेलंही नसतं, आणि इंदूरच्या आकड्यांपुरता तो मेलाच नसता.

त्या खटपटीत मी बस्तीत चार-पाच वेळा गेलो, तेव्हा जबाब देणाऱ्या शेजाऱ्यांपैकी एक म्हणाला, ‘मेरे को भी हुआ था।’ दुसरीचा मुलगा. कोपऱ्यावरच्या किराण्याची सून. माझ्या डोक्यात रकाने पडायला लागले.

इथे जरा सरासरीबद्दल बोलू द्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा पाचवा फेरा २०१९ ते २०२१ मध्ये झाला. त्यात जन्मलेल्या हजार बाळांमागे वर्षाच्या आत दगावणारी मध्य प्रदेशात ४१, महाराष्ट्रात २३, गोव्यात ६ च्या आसपास. हे वाचून आपल्या ग्रुपातल्या प्रत्येकाने आपापलं राज्य शोधलं असेल. पण हे राज्याचे आकडे. चौथ्या फेऱ्यापासून इतर बऱ्याच गोष्टींचे जिल्ह्याचेही मिळायला लागले, ते मोठं काम झालं. तरी पाहणी होते जिल्ह्यामागे सरासरी नऊशे घरांची. त्यातून इंदूर जिल्ह्याचा एक आकडा निघतो. आमची कॉलनी आणि नाल्यापलीकडची बस्ती यांत अंतर आहे दोन-तीनशे पावलांचं, आणि दोन्ही त्या एकाच आकड्यात मिसळलेल्या. माझ्या एका शाखेत एका मिलचं खातं होतं. त्यामुळे शाखेची दरखातेदार ठेव बघितली तर आमचा प्रत्येक पेन्शनर लखपती. मिल बंद पडली तेव्हा कळलं कोणाकडे किती होतं. जनगणना तर २०११ नंतर झालीच नाही, पुढची आता २०२७ ची. मधल्या काळात ही बस्ती केवढी वाढली ते तिथल्या दूधवाल्याला माहीत.

याला उपाय काय, तर जागेवर जाऊन मोजणं. मोजल्याने काय होतं ते मराठी माणसाला गडचिरोलीवरून माहीत असायला हवं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे १९८८ मध्ये गावागावात जन्म आणि मृत्यू मोजायला सुरुवात केली, तेव्हा हजारी १२१ बाळं वर्षाच्या आत जात होती. मोजलं म्हणून कशाने जातात ते कळलं, आणि ते कळलं म्हणून गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवता आलं. ३९ गावांत हे काम झालं. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा निबंध १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला.

आणि आम्हा इंदूरवाल्यांना तर त्याच्याही आधीचा धडा घरचा आहे. होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस नावाच्या स्कॉटिश प्राध्यापकाला नगररचनेसाठी बोलावलं होतं. त्याचा अहवाल १९१८ साली दोन खंडांत निघाला. शहरात तेव्हा प्लेग आणि मलेरिया. हा गृहस्थ नकाशा टेबलावर पसरून न बसता मोहल्ल्या-मोहल्ल्यातून, बोळा-बोळातून पायी हिंडला. लोक आधी घाबरले, गोरा साहेब आला म्हणजे घर पाडणार. मग त्याने दिवाळीची मिरवणूक ठरवली आणि जाहीर केलं, मिरवणूक त्याच रस्त्याने जाईल जिथली घरं जास्तीत जास्त साफ होतील. एका दिवसापुरता महाराजा बनून तो स्वतः मिरवणुकीत, आणि प्लेगच्या उंदराचं सोंगही. शहर झाडून निघालं. आमच्या शहराला स्वच्छतेचा नंबर २०१७ पासून मिळतोय, पण त्याची पहिली स्पर्धा शंभर वर्षांपूर्वीची.

मी काही गेडिस नाही. मी एक शंभर पानी वही घेतली. माझ्या पुतण्याची मुलगी डॉक्टर आहे, तिला विचारलं. ती म्हणाली, ‘आजोबा, नावापेक्षा तारीख महत्त्वाची. डोळे पिवळे कधी दिसले ते लिहा.’ कारण असं की पाण्यातून येणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए किंवा ई, पाणी पोटात गेल्यावर लगेच दिसत नाही. दोन आठवड्यांपासून सहा-आठ आठवडेही जातात. तोवर गढूळ पाण्याचा तो दिवस कोणाच्या लक्षात राहतो? म्हणून लोक म्हणतात नजर लागली, बाहेरचं खाल्लं. गरोदर बाईला ई प्रकार झाला तर जिवावर बेततं, हेही तिने बजावलं.

तारखा नेमक्या कोणाला आठवत नव्हत्या. ‘राखीच्या आधी’, ‘गणपती बसले तेव्हा’, ‘भाईसाहब की शादी के बाद’. बायकांना सणावरून अचूक आठवतं, पुरुषांना पगारावरून. मी पंचांग घेऊन बसलो. मग एका मोठ्या कागदावर गल्ल्या काढल्या आणि ज्या घरी पीलिया झाला तिथे पिवळा ठिपका. बाईची मुलगी अकरावीत होती, ठिपके तिनेच दिले. ठिपके सगळ्या बस्तीत विखुरलेले नव्हते. दोन गल्ल्यांत दाटले होते, आणि त्या दोन्ही गल्ल्यांचा नळ एकाच ठिकाणी गटाराखालून येत होता.

इंदूरला पाणी म्हणजे नर्मदा. ‘आज नर्मदा आली का?’ हा आमच्याकडे दिवसाआड विचारायचा प्रश्न. सत्तर किलोमीटरवरून जलूदहून पाणी चढवून आणतात, ते एक दिवसाआड येणारच. पण नळ बंद असतो तेव्हा पाइपात दाब राहत नाही. कुठे चीर असली आणि वर गटार साचलेलं असलं की घाण आत झिरपते. त्यात ज्याने थेट लाइनीला टुल्लू पंप लावलाय तो तर ओढूनच घेतो. पहिली पाच मिनिटं येणारं पाणी म्हणून वाईट. तेच पाणी आमच्या कॉलनीतही येतं हो, पण आमच्याकडे टाकी आहे, टाकीवर फिल्टर आहे. आणि पहिली पाच मिनिटं कुंड्यांना सोडायची ऐपत आहे. तिथे पहिल्या पाच मिनिटांचंच भांडण असतं.

ठिपके पुरेसे नाहीत, हे मला बँकेने शिकवलंय. व्हाउचर पाहिजे. बाजारात एक छोटी बाटली मिळते, आत औषध लावलेला कागद. तिच्यात नळाचं पाणी भरून दिवस-दोन दिवस ठेवलं आणि काळं पडलं तर विष्ठेतले जंतू असल्याचा संशय. ही चाचणी शोधली आपल्या ग्वाल्हेरच्या डीआरडीईतल्या शास्त्रज्ञांनी, १९८२ मध्ये त्यावर त्यांचा निबंध आला. ग्वाल्हेरकरांनो, तुमच्या गावची ही वस्तू जगभर वापरली जाते, तुम्हाला माहीत होतं का? आम्ही त्या दोन गल्ल्यांत, बाजूच्या गल्लीत आणि आमच्या घरी अशा बाटल्या भरल्या, प्रत्येकीवर घर, तारीख, वेळ. गटाराखालच्या लाइनीच्या बाटल्या काळ्या झाल्या.

आता मंडळाची मीटिंग. मी कागद आणि बाटल्या घेऊन गेलो आणि म्हटलं, या वर्षीचं शिबिर तिकडे घेऊ. एक जुने सभासद, माझे स्नेहीच, म्हणाले, ‘हे काम चांगलं आहे, पण मंडळ आपल्या समाजासाठी आहे. ते आपले नव्हेत.’ हॉलमध्ये शांतता. मला रागही आला आणि त्यांचं म्हणणं घटनेच्या कलमाप्रमाणे बरोबर आहे हेही कळत होतं. तेवढ्यात मागून एक मावशी, ज्यांच्या न्हाणीत दांडी बसवली होती त्याच, म्हणाल्या, ‘अहो, माझ्या घरचं पाणी तीच भरते, भांडी तीच घासते, मी पडले तर उचलायला येणार तीच. मग आपलं कोण, नातू? तो तर सिएटलला.’ ठराव दोन मतांनी झाला. स्नेही माझ्याशी पुढे महिनाभर बोलले नाहीत, आता बोलतात.

तक्रारीचा अर्ज आम्ही मंडळाच्या लेटरहेडवर केला नाही. बस्तीतल्या बायकांच्या सह्यांनी केला, नकाशा जोडून, बाटल्यांचे फोटो जोडून. ज्या बाबूने घेतला त्याने पहिल्यांदा विचारलं, ‘ये नक्शा किसने बनाया?’ अकरावीतली पोरगी पुढे झाली. नुसत्या ‘पाणी खराब येतं’ या अर्जांचा त्याच्याकडे ढीग असणार, त्याला कुठे खणायचं ते कोणी सांगितलेलं नसतं. यावर ठिकाण होतं. दीड महिना लागला, दोनदा आठवण द्यावी लागली, पण तेवढा तुकडा बदलला. पुढच्या पावसाळ्यात त्या दोन गल्ल्यांत वहीत नवीन पीलिया चढला नाही. एका पावसाळ्यावरून छातीठोक सांगता येत नाही, वही चालूच आहे. तिसरी गल्ली अजून बाकी आहे, तिथे लाइनच नाही, टँकर येतो, आणि टँकरचं पाणी ड्रमात किती दिवस राहतं ते आता लिहायला घेतलंय. वही आता ती मुलगी लिहिते. बी. कॉम.ला आहे. माझ्यापेक्षा अक्षर चांगलं आहे.

मंडळी, तुम्ही बेळगावला असा, बडोद्याला, हैदराबादला, दोन गोष्टी मात्र कामाच्या म्हणून सांगतो. घरात दवाखान्यात कोणी गेलं तर मृत्यूच्या कारणाच्या दाखल्याची प्रत मागून घ्या. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ती जवळच्या नातेवाइकाला फुकट द्यायची आहे, आणि शेवटच्या ओळीत काय लिहिलंय ते डॉक्टरांना विचारा. आणि तुमच्याकडे कामाला येणाऱ्यांच्या पासबुकात मे महिन्याच्या शेवटी ४३६ रुपये कापलेले दिसतात का ते एकदा बघा, नॉमिनीचं नाव घातलंय का तेही. आमच्या ओळखीतल्या तीन पासबुकांत तो रकाना कोरा निघाला, परवाच जाऊन भरून आलो.